एकदंड्याची सावली आणि खैराची मेख

एका राज्यात एकदंड्या नावाचा डोंगर होता. त्या राज्याचे नाव आता कोणाला आठवत नाही. राजांची नावे तर, एक सोडून, त्याच्याही आधी विसरली गेली. डोंगर मात्र विसरण्याजोगा नव्हता. सपाट मुलखातून एकच सुळका सरळ वर गेलेला. माथ्याजवळ आरपार भोक होते, त्याला नेढे म्हणत. डाव्या खांद्यावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके होते आणि उजव्या कुशीत हाकेची घळ. उत्तरेला मोकळा माळ, माळाच्या उगवतीला करवंदी नावाचे गाव, मावळतीला पळसोंडे. दोन गावांत झरा एकच. एवढे सांगितले की पुढचे भांडण ऐकणाऱ्याला आपोआप दिसू लागते.

पण भांडण होत नसे, कारण झरा कोणाचा हे सुळक्याची सावली ठरवी. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी दोन्ही गावे माळावर जमत. राजाचा माणूस बारीक भोकाची तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडी. सूर्योदयापासून ती वाटी चौदाव्यांदा बुडाली की मध्यान्ह झाली. मग तो काशाचा तास बडवी. तास ऐकताच सगळी माणसे डोळे मिटून, हात जोडून डोंगराच्या नावाने तीनदा गर्जत. त्याच क्षणी मेखकरी सावलीच्या टोकावर खैराची मेख धरून तिच्यावर मोगरी घाली. मेखेच्या उगवतीचे ते करवंदीचे, मावळतीचे ते पळसोंड्याचे. मेख दरवर्षी जुन्याच खळग्यात बसे, आणि झऱ्याचे तोंड तिथून दोन पावले उगवतीला राही. म्हणून झरा करवंदीचा. पळसोंड्याच्या बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन काठावर बसावे, करवंदीच्या बायकांचे भरून झाले की विचारावे, मग भरावे. करवंदीच्या बायका वाईट नव्हत्या, फक्त घाईत नव्हत्या.

मेखकऱ्याचे घर दोन्ही गावांबाहेर, थेट सुळक्याच्या पायाशी असे. त्याने दोन्ही गावांत जेवू नये, त्या झऱ्याचे पाणी पिऊ नये, आणि आपली लेक या दोन गावांत देऊ नये, अशी रीत होती. भानोबा मेखकऱ्याने ती चाळीस वर्षे पाळली. कातळातून ठिबकणारे पाणी प्यायला आणि मोगरी घातली. मग त्याची एकुलती एक लेक सगुणा हिला पळसोंड्याचा हिरोजी आवडला. आईवेगळी पोर, तिला नाही म्हणणे भानोबाला जमले नाही. त्याने दोन्ही गावांना विचारले.

करवंदीचा पाटील हसला. "भानोबाचा हात काय लेकीकडे बघून पडणार आहे का? करा लगीन."

लग्नात सगळ्यांत जास्त तोच नाचला.

त्या वर्षीच्या लहान दिवशी सगुणा पळसोंड्याच्या बायकांमध्ये उभी होती. तास वाजला, तिने डोळे मिटले, सगळ्यांबरोबर गर्जली. डोळे उघडले तेव्हा मेख रोवलेली होती, आणि जुन्या खळग्यापासून तीन पावले उगवतीला. झरा मेखेच्या मावळतीला आला होता. मग करवंदीचा पाटील म्हणाला, "डोंगर कलला असेल. मेखेपुढे बोलायचं नाही." त्याने पागोटे सारखे केले आणि आपली माणसे घेऊन तो निघून गेला. पळसोंड्यात गुलाल उधळला गेला. सगुणेच्या सासूने, जिला ती आत्याबाई म्हणे, तिच्या तोंडात गूळ घातला. सगुणेला तो गोड लागला. हे तिला पुढे फार दिवस आठवत राहिले.

संध्याकाळी सूर्य मावळला, पण सुळक्याची सावली गेली नाही. मेखेने तिला माळाला खिळले होते. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून माथ्यावर आला, तरी सावली तिथेच, तशीच, काळ्या घोंगडीसारखी पडून. तिच्याखाली झरा काचेसारखा घट्ट झाला. शेते पिकेनात आणि वाळेनात. जे जसे होते ते तसेच राहिले.

भानोबाने सावली पाहिली, मेखेजवळ गेला आणि ती उपटायला उजवा हात घातला. हात मनगटापर्यंत दगडाचा झाला. तो तसाच घरी गेला.

या राज्याच्या राजाचे नाव मणिकेतू. त्याची आमराई त्याच सावलीत येत होती, त्यामुळे त्याला प्रजेची फार काळजी वाटू लागली. त्याने मेख उपटायला चाळीस हत्ती पाठवले. साखळदंड मेखेला बांधले तसे ते दगडाचे झाले, ते अजून माळावर पडलेले आहेत. हत्ती शहाणे, ते मागे फिरले. मग राजाने दवंडी दिली की सावली सोडवील त्याला अर्धे राज्य मिळेल. अर्धे राज्य त्याने याआधी तिघांना देऊ केले होते, त्यामुळे फारसे कोणी पुढे आले नाही.

लोक म्हणत, नेढ्यात धूम्रकेश नावाचा मायावी राहतो, हे त्याचेच काम. दोन्ही गावे दूरच्या नदीवरून पाणी वाहू लागली. भानोबाचा दगड मात्र महिन्यामहिन्याने वर चढत होता. पावसाळ्यात कोपर गेले. दिवाळीत खांदा गेला. सगुणा रोज त्याला भरवायला जाई आणि रोज बोट लावून पाही, दगड कुठवर आला आहे. पुढचा लहान दिवस अकरा दिवसांवर आला, तेव्हा दगड छातीच्या पहिल्या बरगडीला लागला होता. त्या दिवसापर्यंत तो काळजाला पोहोचणार, हे मोजायला कोणा जाणत्याची गरज नव्हती.

"बाबा, काही उपाय असेल तर सांगा," ती म्हणाली.

"डोंगर रागावलाय," भानोबा म्हणाला. वर्षभर तो एवढेच म्हणत होता.

त्या दुपारी सगुणा माळावर गेली. मेखेपासून हाकेच्या अंतरावर, सावलीतच, उघड्या जमिनीवर एक टिटवी चार अंड्यांवर बसली होती. टिटव्या ओरडल्याशिवाय राहत नाहीत. ही गप्प होती.

"उठत का नाहीस?" सगुणेने विचारले.

"वर्षभर बसले आहे," टिटवी म्हणाली. "अंडी फुटत नाहीत, नासतही नाहीत. आणि तू का रडतेस?"

"माझा बाप दगड होतो आहे."

"मग आपले काम एकच. ऐक. तीन ठिकाणी जा. टाक्यातून उन्ह न पाहिलेले पाणी आण, ते हाताला लावलेस तर मेख तुला दगड करणार नाही. घळीतून त्या दिवसाचा आवाज आण, एका कोरड्या भोपळ्यात भरून. आणि नेढ्यात जाऊन धूम्रकेशाला विचार, मेख कशी उपटावी."

"तू त्या दिवशी इथेच होतीस. तू काय पाहिलेस?"

"माझे डोळे उघडे होते," टिटवी म्हणाली, "पण पाखराच्या साक्षीवर कोणी बापाबद्दल काही मानू नये. घळीत जा."

सगुणेला हे उत्तर आवडले नाही. तरी तिने घागर घेतली, बूच लावलेला कोरडा भोपळा घेतला आणि वाट धरली.

डाव्या खांद्यावरच्या टाक्यापाशी ती तिसऱ्या दिवशी पोहोचली. पाणी इतके स्वच्छ की तळाशी सोन्याने भरलेले सात हंडे दिसत होते. काठावर बारा माणसे बसली होती. कोणाच्या डोक्यावर जुन्या काळचा शिरपेच, कोणाच्या अंगात चिलखत. प्रत्येकाच्या दोन्ही मुठी सोन्याने भरलेल्या, प्रत्येकाचे ओठ फुटलेले.

"मुली, घोटभर पाणी पाज," त्यांतला एक म्हणाला. "तीनशे वर्षे तहान आहे."

तिने ओंजळीने त्याच्या तोंडात पाणी सोडले. ते तोंडात पडताच वाळू झाले.

"मूठ सोडून बघा ना," सगुणा म्हणाली.

त्याने आपल्या मुठीकडे पाहिले. मग तिच्याकडे. मग तो पुढच्या माणसाची वाट पाहू लागला. सगुणेने टाक्याच्या आतल्या अंगाला, जिथे उन्ह कधी पोहोचत नाही तिथे घागर बुडवली, तळाकडे न पाहता भरली आणि ती निघाली.

उजव्या कुशीतली हाकेची घळ याहून अवघड. डोंगराच्या आसपास जो काही आवाज होतो तो शेवटी या घळीत येऊन राहतो. तिथे जो बोलेल त्याचा आवाज तिथेच अडकतो आणि तो मुका होऊन परततो. सगुणेने ओठ दाबले आणि ती एका दगडावर बसली. पहिला दिवस गुरे हाकणाऱ्यांच्या हाकांत गेला. दुसऱ्या दिवशी वराती येऊन गेल्या, बाळंतिणी येऊन गेल्या, तिची स्वतःची लग्नातली सनई येऊन गेली. सनईमागून करवंदीच्या पाटलाचे हसणे आले. तिलाही हसू आले, पण तिने ते गिळले.

तिसऱ्या दिवशी तास वाजला.

तिने भोपळ्याचे बूच काढले. तासामागून दोन गावांची गर्जना आली. ती माळावर उभी होती तेव्हा सगळे एकदमच ऐकू आले होते. घळीत मात्र आवाज एकेक करून, ओळीने येतात. गर्जनेमागून मोगरीचा ठोका यायला हवा होता. ठोका आला नाही. एक श्वास आला. थोरल्या माणसाचा, जड. मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. चौथ्यानंतर तिच्या बापाचा आवाज आला, अगदी हळू.

"बसू नको गं उन्हात."

मग पाचवा श्वास, सहावा, सातवा. मग ठोका.

सगुणेने भोपळ्याला बूच लावले. मध्यान्हीनंतर सुळक्याची सावली उगवतीला सरकते, हे तिच्या घरात पोरीबाळींनाही ठाऊक होते. सात श्वासांत ती तीन पावले सरकते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, ती झऱ्याच्या काठावर रिकामी घागर घेऊन बसली असताना बाप वाटेवरून गेला होता. तो तिला बघून थांबला होता आणि मग पुढे गेला होता. तेव्हा तिने त्याला हात हलवून दाखवला होता. घळीत रडता येत नव्हते, कारण रडण्याचाही आवाज असतो. ती तोंडावर पदर दाबून बाहेर आली आणि बाहेर आल्यावर पोटभर रडली.

नेढ्यात ती नवव्या दिवशी चढली. वारा असा होता की उभे राहता येईना. धूम्रकेश एका कडेला बसून नेढ्यातून येणारा सूर्याचा किरण बोटांनी सरळ करीत होता.

"सावली तुम्ही बांधलीत?" सगुणेने विचारले.

"लोक तसे म्हणतात. लोकांना कोणीतरी लागतो," धूम्रकेश म्हणाला. "खोट्या जागी मेख बसली की सावली आपोआप बांधली जाते. मी फक्त इथे राहतो."

"मेख कशी उपटावी?"

"ज्याच्यासाठी ती खोटी बसली त्याने. म्हणजे तू. परवाच्या लहान दिवशी, तासाच्या आधी, टाक्याचे पाणी हाताला लावून. आता नीट ऐक. भोपळा बंद ठेवून उपटलीस, तर सावली सुटेल आणि तुझ्या बापाचा हात खांद्यातून गळून पडेल. जीव वाचेल. सावलीचे टोक पुढेही त्याच नव्या खळग्यावर पडत राहील, झरा तुमचाच राहील, आणि काय घडले हे कधी कोणाला कळणार नाही."

"आणि भोपळा उघडला तर?"

"तर जे जसे होते तसे होईल. हातही, झराही. तुझ्या बापाच्या नावाचे काय होईल ते डोंगराच्या हातात नाही."

"तुम्ही काय कराल?"

"मी पाणी पीत नाही," धूम्रकेश म्हणाला आणि पुन्हा किरणाकडे वळला.

दहाव्या दिवशी सगुणा बापाच्या घरी आली. तो भिंतीला टेकून बसला होता. दगड डाव्या छातीकडे वळला होता आणि त्याला बोलताना दम लागत होता.

"बाबा," ती म्हणाली, "सात श्वास."

भानोबाने डोळे मिटले. "ऐकलंस?"

"ऐकलं." तिने त्याला भोपळा दाखवला आणि धूम्रकेशाने सांगितलेले सगळे सांगितले.

"चाळीस वर्षं एक श्वास चुकला नाही. तू तिथे बसली होतीस, पायाखाली नुसता तापलेला खडक. मला वाटलं, तीन पावलांनी कोणाचं काय जातं." त्याने दम घेतला. "भोपळा उघडू नको. हात जाऊ दे. म्हातारपणी हात काय करायचाय. तुझ्या दारात पाणी राहील."

"आणि करवंदीच्या दारात?"

भानोबाने तोंड भिंतीकडे वळवले. सगुणेला त्याचा राग आला, आणि त्याची माया आली, आणि दोन्ही एकदमच आले. तिने त्याला पेज भरवली, तोंड पुसले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून माळावर नेले.

माळावर दोन्ही गावे जमली होती. राजा मणिकेतू पालखीत आला होता. वाटी तेराव्यांदा बुडाली आणि चौदाव्यांदा पाण्यावर सोडली गेली. सगुणा मेखेपाशी गेली. तिने टाक्याचे पाणी दोन्ही हातांना लावले. आत्याबाई पुढच्याच रांगेत होत्या, त्यांच्या कडेवर नवी कोरी घागर. सून मेख उपटणार आणि झरा आपल्या बाजूला वाहू लागणार, म्हणून त्या भरायला तयार होऊन आल्या होत्या.

सगुणेने त्या घागरीकडे पाहिले. मग तिने भोपळ्याचे बूच काढले.

तास वाजला. लोक चमकले, कारण घंगाळातली वाटी तर अजून तरंगत होती. गर्जना झाली आणि प्रत्येकाने तीत आपला आवाज ओळखला. मग माळभर शांतता, आणि त्या शांततेत एका म्हाताऱ्याचे श्वास. लोक मोजू लागले. चार श्वासांनंतरचे शब्द सगळ्यांनी ऐकले. सातव्या श्वासानंतर ठोका पडला.

"ही मेख माझ्यासाठी तीन पावले पुढे पडली," सगुणा म्हणाली. "झरा करवंदीचा आहे." आणि तिने दोन्ही हातांनी मेख उपटली. ती चिखलातून काठी निघावी तशी सहज निघाली.

सावली हलली. ती आक्रसली, वर्षभर हरवलेली वाट शोधत माळावरून सरकली आणि सुळक्याखाली आपल्या जागी जाऊन पडली. भानोबाच्या छातीवरून, खांद्यावरून, हातावरून दगडाची पूड गळाली आणि खालचा हात दिसला, पांढरा पडलेला, पण जिवंत. त्याने तो हात उचलून तोंडावर घेतला. लोकांकडे पाहण्याची त्याची छाती झाली नाही.

"वाटी बुडत आली," राजाचा माणूस ओरडला. "मोगरी कोण घेणार?"

माळावर एकच गलका झाला. भानोबा नको, हे सगळ्यांना पटले होते. बाकी कोणाचे कोणाला पटेना. तेव्हा करवंदीचा पाटील पुढे आला. त्याने वर्षभर मेखेजवळ पडून असलेली मोगरी उचलली आणि सगुणेपुढे धरली.

"ती पळसोंड्याची आहे," त्याच्याच गावचे लोक म्हणाले.

"म्हणूनच," पाटील म्हणाला. "आणि रीत मोडायला आधी मीच हसलो होतो, हेही लक्षात ठेवा."

वाटी बुडाली. तास वाजला. सगळे गर्जले, पण या वेळी कोणी डोळे मिटले नाहीत. सगुणेने सावलीच्या टोकावर मेख धरली आणि एकही श्वास न घेता मोगरी घातली. मेख जुन्या खळग्यात बसली. दोन पावलांवर, मेखेच्या उगवतीला, झरा फुटला आणि खळखळ वाहू लागला. पलीकडे टिटवीची चार अंडी एकामागून एक तडकली, आणि ती वर्षभराचे साठवलेले ओरडून घेऊ लागली. तिच्या आवाजापुढे राजाचे भाषण कोणाला ऐकू आले नाही. त्याने अर्धे राज्य द्यायचे म्हटले होते असे काही जण सांगतात. द्यायचे राहून गेले. आमराईला मात्र त्या वर्षी चांगला मोहर आला.

भानोबाचे मेखकरीपण त्याच दिवशी गेले. त्याला माफ करावे की नाही यावर दोन्ही गावांत पुष्कळ दिवस बोलणे चालले, आणि मग पेरण्या आल्या. सगुणा मेखकरी झाली. तिने आणि हिरोजीने सुळक्याच्या पायाशी बिऱ्हाड हलवायचे ठरवले, पण नवे घर उभे राहीपर्यंत ती पळसोंड्यातच राहिली. घर उभे राहिले की झरा आपल्याला बंद, हे तिला ठाऊक होते. आत्याबाई त्या दिवशी तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीच नवी घागर तिच्या हातात दिली. "लवकर जा," त्या म्हणाल्या, "ओळ मोठी असते."

ती झऱ्याच्या काठावर जाऊन बसली. करवंदीच्या बायका भरत होत्या, आणि त्यांना घाई नव्हती. दुपार झाली. खडक तापला. वाटेवरून भानोबा आला. या वेळी तो पुढे गेला नाही. तो काठावर तिच्या शेजारी, त्याच खडकावर येऊन बसला. बऱ्याच वेळाने पाळी आली, सगुणेने विचारले, होकार आला, आणि तिने घागर भरली.

मग तिने पहिली ओंजळ बापापुढे धरली. चाळीस वर्षे मेखकरी असलेल्या त्या माणसाने त्या झऱ्याचे पाणी कधी चाखले नव्हते. आता त्याला मनाई नव्हती.

तो प्यायला.

"कसं आहे?" तिने विचारले.

"गार आहे," भानोबा म्हणाला आणि त्याने आणखी मागितले.